ॲप न उघडणारा रुग्ण बेफिकीर नसतो

गेल्या काही आठवड्यांत एकच मजकूर मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला, त्यातले दोन ग्रुप तर आरोग्य क्षेत्रातल्याच लोकांचे. त्याचा गोषवारा असा: मोठ्या रुग्णालयांनी आता ॲप आणलेत. रक्ताचे रिपोर्ट, औषधांची यादी, पुढची तारीख, डॉक्टरांना निरोप, सगळं मोबाईलवर मिळतं आणि स्मार्टफोन तर घरोघरी पोचलाय. तरीही किडनी किंवा लिव्हर बदललेले कितीतरी रुग्ण ॲप एकदाही उघडत नाहीत. म्हणजे कुणीतरी स्वतःचा अवयव देऊनही यांना त्याची किंमत नाही. जे ॲप वापरतात त्यांचा अवयव टिकतो, बाकीचे परत डायलिसिसवर जातात. स्वतःला जमत नसेल तर घरातली मुलं बघतील. तेव्हा रुग्णांना फोन करत बसायला माणसं ठेवण्याचा खर्च आता बंद करावा.

मी चौदा वर्षं किडनी प्रत्यारोपण समन्वयक म्हणून काम करते. फोन करत बसणारी ती माणसं म्हणजे आम्हीच, हे आधीच सांगून टाकते. पण लिहायला बसले ते 'किंमत नाही' या दोन शब्दांमुळे. २०२३ साली आपल्या देशात १८,००० हून जास्त अवयव प्रत्यारोपणं झाली, त्यातली १३,००० हून जास्त किडनीची. इतक्या घरांबद्दल एका फटक्यात असं बोलायचं, तर निदान त्या घरांत काय चालतं ते माहीत हवं.

स्मार्टफोन घरोघरी पोचला, हे पहिलं म्हणणं. घरात पोचला असेल, पण रुग्णाच्या हातात पोचला का, हे बघावं लागतं. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी साधारण ५४ टक्के जणींकडे स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के. त्यानंतर हे आकडे वाढले असणारच. पण कधीतरी व्हिडिओ बघितलेल्या बाईला ओटीपी टाकून, पासवर्ड बदलून, इंग्रजी रिपोर्ट डाउनलोड करता येतो असं त्यातून निघत नाही. शिवाय पन्नाशीच्या पुढचे आमचे कितीतरी रुग्ण त्या मोजणीत धरलेलेच नाहीत.

हे जवळून कसं दिसतं ते सांगते. जत तालुक्यातून एक मावशी येतात. त्यांना त्यांच्या थोरल्या बहिणीने किडनी दिली. ॲडमिशनच्या दिवशी काउंटरवर धाकटा मुलगा उभा होता, म्हणून फॉर्मवर त्याचा नंबर लागला. मुलगा भिवंडीला गोदामात कामाला. एकदा ओपीडीत मी म्हटलं, मावशी, आज तुमचं ॲप सुरू करूनच देते. ओटीपी गेला भिवंडीला. मुलगा शिफ्टमध्ये, फोन लॉकरमध्ये. दुसऱ्यांदा पाठवला, तिसऱ्यांदा पाठवला, मग ॲपने उद्या प्रयत्न करा म्हणून सांगितलं. नंबर बदलायचा तर अर्ज, आधारची प्रत आणि दुसऱ्या मजल्यावरची खिडकी, ती जेवणाच्या सुट्टीत बंद. मावशींची एसटी अडीचची. संगणकावर त्यांच्या नावापुढे आजही 'लॉगिन नाही' एवढंच दिसतं. बहिणीच्या किडनीची किंमत त्यांना आहे की नाही, हे त्या नोंदीवरून कुणी ठरवू नये.

'आभा'चं, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्याचंही तेच. चौदा आकडी नंबर निघाला म्हणजे आत शिरायची वाट मिळाली. पण त्या वाटेवरसुद्धा ओटीपी आहेच.

दुसरं म्हणणं, सोय सगळ्यांना सारखी दिलेली असते, उघडायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मनावर. इथे अमेरिकेकडे बघणं उपयोगाचं आहे, कारण रुग्णांची पोर्टल, म्हणजे ॲपसारखीच रिपोर्ट बघायची संकेतस्थळं, तिकडे आपल्या कितीतरी आधी आली आणि त्यांच्यावर अभ्यासही तिकडेच जास्त झालेत. २०१६ मध्ये तिथे कायदा झाला आणि एप्रिल २०२१ पासून रिपोर्ट रुग्णापासून अडवून ठेवायला बंदी आली. एवढं होऊनही कृष्णवर्णीय, वयस्कर, कमी शिकलेले, कमी उत्पन्नाचे, इंग्रजी घरात न बोलणारे रुग्ण पोर्टल कमी वापरतात, हे पुन्हा पुन्हा दिसलं. अवयव बदललेले रुग्णही याला अपवाद नाहीत. मग हे लोक बेफिकीर का? तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या आरोग्यविषयक सर्वेक्षणातून एक गोष्ट बाहेर आली, ती मला फार मोलाची वाटते. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) लोकांना डॉक्टरांनी किंवा विमा कंपनीने 'हे पोर्टल आहे, वापरा' असं सांगण्याचं प्रमाणच गोऱ्या लोकांपेक्षा कमी होतं. ज्यांना सांगितलं गेलं, त्यांच्यात वापरण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं.

म्हणजे फरक बराचसा आपण कुणाला विचारतो तिथेच पडतो. मी माझ्या स्वतःच्या कामाकडे वळून बघितलं तेव्हा हे खरं असल्याचं जाणवलं. शर्ट इन केलेला, इंग्रजी शब्द वापरणारा नातेवाईक आला की डिस्चार्जच्या वेळी मी ॲपचं हमखास सांगत होते. डोक्यावर पदर घेतलेल्या बाईला मी कागद देत होते आणि 'घरी कुणाला तरी दाखवा' म्हणत होते. ही चूक माझी होती, तिची नव्हती.

आता काळजीबद्दल. आमच्याकडे एक शेतकरी दादा येतात, बायकोने किडनी दिलेले. ॲप कधी उघडलं नाही. त्यांच्या पिशवीत दोनशे पानी वही असते. रकाने आठवीतल्या मुलीने पट्टीने आखलेत: तारीख, वजन, सकाळचं बीपी, संध्याकाळचं बीपी, पाणी किती, लघवी किती. ज्या दिवशी गोळीचा डोस बदलला त्या पानावर रिकामी स्ट्रिप कापून चिकटवलेली, म्हणजे कंपनी कोणती, मिलिग्रॅम किती, यात घोळ नको. सकाळ-संध्याकाळ नऊच्या गोळीसाठी मोबाईलमध्ये गजर लावलाय, तोही साध्या बटणांच्या फोनमध्ये. या माणसाला बेफिकीर म्हणायचं असेल तर म्हणणाऱ्याने ती वही आधी हातात घेऊन बघावी.

त्या मजकुरात एक गोष्ट गृहीत धरली आहे आणि तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. रिपोर्ट मोबाईलवर दिसला म्हणजे रुग्णाला कळला, असं लिहिणाऱ्याला वाटतं. प्रत्यारोपणाच्या रुग्णासाठी हे सरळसरळ धोक्याचं आहे. आमचे बहुतेक रुग्ण टॅक्रोलिमस घेतात, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून. या औषधाची रक्तातली पातळी मोजावी लागते. आम्ही तिला नुसतं 'लेव्हल' म्हणतो. कमी पडली तर शरीर किडनी नाकारू शकतं, जास्त झाली तर औषधच किडनीला इजा करतं. रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं, रात्रीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी. गोळी घेऊन मग रक्त दिलं तर आकडा फुगून येतो. ॲपवर तो फुगलेला आकडा दिसतो, पण रक्त कधी दिलं याची चौकशी ॲप करत नाही.

त्याहून अवघड गोष्ट नॉर्मलच्या रकान्याची. कितीतरी लॅबच्या छापील कागदावर टॅक्रोलिमसपुढे ५ ते २० अशी पट्टी असते. पण सुरुवातीच्या महिन्यांत साधारण ८ ते १०, वर्ष उलटल्यावर ५ ते ८ च्या आसपास, असं डॉक्टर प्रत्येकाचं वेगळं ठरवतात. दोन वर्षं झालेल्या रुग्णाची लेव्हल १५ आली तर ॲपमध्ये ती काळ्या अक्षरांत, नॉर्मल म्हणून दिसते. क्रिएटिनीनचंही तसंच. किडनी नीट काम करत नसली की रक्तातला हा आकडा वाढतो. ज्या हडकुळ्या माणसाचं कायम ०.९ असतं त्याचं १.३ झालं, तर पुष्कळ लॅबच्या पट्टीत ते बसतं. आमच्यासाठी मात्र ती धावपळीची वेळ असते.

हे मी पाहिलेलं आहे. जत्रेहून आलेल्या एका तरुणाला तीन दिवस जुलाब लागले. जुलाबात टॅक्रोलिमसची लेव्हल वाढते, हे पुष्कळ जणांना ठाऊक नसतं. उलट औषध वाहून गेलं असेल असंच वाटतं. त्याने शहाणपणाने जवळच्या लॅबमध्ये रक्त दिलं, रिपोर्ट ॲपवर टाकला, स्वतः बघितला. लेव्हल १६, क्रिएटिनीन १.३. दोन्हींपुढे लाल खूण नाही. निश्चिंत झाला. ॲप नीट वापरणारा, इंजिनिअर झालेला मुलगा. पाचव्या दिवशी मी दुसऱ्याच कामासाठी फोन केला आणि बोलता बोलता जुलाबाचं कळलं. त्याच संध्याकाळी त्याला भरती केलं. सलाईन लागलं, डोस कमी झाला आणि किडनी सावरली. गावच्या डॉक्टरांनी टीबीसाठी रिफॅम्पिसिन सुरू केलं तर लेव्हल धाडकन पडते, बुरशीसाठी फ्लुकोनाझोल दिलं तर चढते. नवीन गोळी सुरू झाली का, हे विचारणारं कुणीतरी लागतं.

ॲप वापरणाऱ्यांची किडनी टिकते, या म्हणण्यात दिसणारी गोष्ट खरी असू शकते, पण कारण भलतंच चिकटवलेलं असतं. ज्याच्याकडे स्वतःचा फोन, शिक्षण, पगारी रजा आणि विमा आहे तो ॲपही वापरतो आणि गोळ्याही न चुकता विकत घेऊ शकतो. किडनी टिकते ती गोळ्यांनी. अमेरिकेत ६५ वर्षांखालच्या पुष्कळ रुग्णांचं मेडिकेअरचं, म्हणजे सरकारी आरोग्यविम्याचं संरक्षण प्रत्यारोपणानंतर ३६ महिन्यांनी संपत असे. पैशाअभावी गोळ्या सुटून माणसं पुन्हा डायलिसिसवर गेली, तेव्हा कुठे १ जानेवारी २०२३ पासून फक्त या गोळ्यांसाठी वेगळी सोय झाली. आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करायचं ठरलं आणि त्याचा मोठा आधार आहे. पण गोळ्या आयुष्यभराच्या असतात. महिनाअखेरीला पंधरा दिवसांच्याच गोळ्या घेऊन जाणारा माणूस लॉगिन करत नाही म्हणून त्याची किडनी धोक्यात आली, असं सांगणं म्हणजे त्याच्या अडचणीकडे पाठ फिरवणं.

घरातली मुलं बघतील, हे ऐकायला बरं वाटतं. पुष्कळ घरांत ती बघतातही आणि मनापासून बघतात. पण रिपोर्ट म्हणजे लग्नपत्रिका नव्हे, घरात सगळ्यांनी वाचायला. आमच्याकडे तिशीच्या आतल्या मुली असतात, लग्न झालेल्या. त्यांच्या गोळ्यांमध्ये बहुधा मायकोफेनोलेट असतं. ते चालू असताना दिवस राहिले तर बाळात व्यंग येऊ शकतं, गर्भ पडू शकतो. मूल हवं असेल तर किमान सहा आठवडे आधी ते थांबवून डॉक्टर दुसरी गोळी देतात. हा प्रश्न तिने विचारायचा कुठे? ॲप दिराच्या फोनवर. निरोप लिहिला तर आधी दीर वाचणार. अशा एका मुलीने मला ओपीडीच्या बाहेर, पाण्याच्या कूलरपाशी, सासूबाई पावती करायला गेल्या तेवढ्या तीन मिनिटांत विचारलं होतं. त्या तीन मिनिटांची नोंद कुठल्याच पोर्टलवर नाही.

राहिलं शेवटचं, फोन करणारी माणसं काढून टाकण्याचं. ॲप मला नकोसं नाही. रिपोर्ट हरवत नाहीत, डॉक्टर बदलले तरी जुनी लेव्हल सापडते, आणि ज्याला जमतं त्याचा हेलपाटा वाचतो. रुग्णालयांना करता येण्याजोगं बरंच आहे. फॉर्मवर रुग्णाचा स्वतःचा नंबर कुठला हे ॲडमिशनच्या खिडकीवरच विचारावं. तो बदलण्याची सोय ओपीडीतच असावी. रुग्णाची लेव्हल कितीवर ठेवायचीय ते डॉक्टरांनी मराठीत रिपोर्टवर लिहावं. महिनाभर लॉगिन न करणाऱ्यांची यादी निघतेच, ती शेरे मारायला न वापरता फोन कुणाला आधी करायचा हे ठरवायला वापरावी. आम्ही गेल्या वर्षापासून तेवढं तरी सुरू केलंय.

मंगळवार आणि शुक्रवारी लेव्हलचे रिपोर्ट येतात. संध्याकाळी साडेसहाला मी यादी घेऊन बसते. परवा वहीवाल्या दादांची लेव्हल थोडी जास्त होती, डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी कमी केली. फोन लावला, मागे बैलांच्या घंटांचा आवाज येत होता. सांगून झाल्यावर नेहमीप्रमाणे म्हटलं, दादा, मी काय सांगितलं ते मला परत सांगा. "थांबा मॅडम, वही घेतो," म्हणाले. पानं उलटल्याचा आवाज आला, मग पेनाचं टोपण. "सकाळी नऊला दोन, हाय तशाच. राती नऊला एकच. येत्या मंगळवारी रगत, गोळी न घेता. जुलाब, उलटी, नवीन गोळी, काय बी झालं तर तुम्हाला फोन. बराबर?"