कोब्रा काईपासून सुरुवात करू नका, हात जोडून सांगते

दिवाळीत नाशिकला दादाकडे गेले होते तेव्हा भाचीशी माझं चक्क भांडण झालं, आणि तेही कराटे किड या जुन्या पिक्चरच्या हिरोवरून, डॅनियल लारूसोवरून. ईरा सोळा वर्षांची आहे, तिने त्या पिक्चरची पुढची गोष्ट सांगणाऱ्या कोब्रा काई सिरीजचे सहाच्या सहा सीझन संपवलेले, मी सहज म्हटलं की मला डॅनियल लहानपणापासून आवडतो तर ती म्हणाली, "शी आत्या, किती माज करतो तो! जॉनीकडे बघ ना, बिचाऱ्याचं सगळं आयुष्य वाया गेलं त्याच्यामुळे." जॉनी म्हणजे पिक्चरमध्ये डॅनियलकडून हरणारा त्याचा प्रतिस्पर्धी. मी विचारलं, जुना पिक्चर बघितलास का? तर म्हणे नाही, सगळे सांगतात की डायरेक्ट सिरीज लावली तरी चालतं, मधेमधे जुने सीन दाखवतातच.

नाही चालत. अजिबात नाही चालत. आणि हे मी फक्त ईराला नाही, ऑफिसमधल्या निदान पाच-सहा जणांना सांगून झालंय, म्हणून आता एकदाच सविस्तर लिहिते.

मी हे इतक्या तळमळीने सांगते कारण मी स्वतः चुकीच्या क्रमाने बघितलाय. ९१ सालचा मे महिना असेल, पप्पांनी एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि तीन कॅसेट भाड्याने आणलेल्या, त्यात कराटे किड होता पण तो दुसरा भाग निघाला. व्हिडिओवाल्याकडे पहिला नव्हताच. आम्ही तोच बघितला, गोष्ट कळली, कारण सुरुवातीला आधीच्या पिक्चरमधले तुकडे दाखवलेत. पण त्यात डॅनियलला कराटे शिकवणाऱ्या मिस्टर मियागींचे वडील जातात आणि ते समुद्रकिनारी एकटे बसलेले असतात, डॅनियल शेजारी येऊन बसतो आणि स्वतःचे वडील गेले तेव्हाचं सांगायला लागतो, तो सीन आला तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले होते. मला हे अजून आठवतं आणि अजून टोचतं. कारण तोपर्यंत मियागी माझे कोणीच नव्हते. पहिला भाग मी बऱ्याच वर्षांनी केबलवर बघितला तेव्हा कळलं की मी त्या रात्री काय सोडून पाणी प्यायला गेले होते.

तर १९८४ चा पहिला पिक्चर. दिग्दर्शक जॉन अविल्डसेन, ज्यांनी आधी रॉकी केलेला. न्यू जर्सीतला एक काडी पैलवान पोरगा आईबरोबर लॉस एंजेलिसमध्ये येतो, बीचवर पहिल्याच आठवड्यात मार खातो, आणि त्याच्या बिल्डिंगमधला नळ दुरुस्त करणारा म्हातारा, म्हणजे मियागी, त्याला गाड्या पॉलिश करायला लावतो. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण माझ्यासाठी पिक्चरचा जीव आहे तो दारूचा सीन. डॅनियल रात्री मियागींकडे येतो तर ते लष्कराच्या जुन्या युनिफॉर्ममध्ये, बाटली समोर, जपानी गाणं म्हणतायत, तो त्यांच्या लग्नाचा वाढदिवस असतो. आणि मग त्या पोराला कळतं की हा माणूस जपानी वंशाच्या सैनिकांच्या ४४२ व्या रेजिमेंटमधून अमेरिकेसाठी युरोपात लढत होता आणि त्याच वेळी त्याच अमेरिकेने त्याच्या बायकोला मान्झानारच्या छावणीत कोंडून ठेवलं होतं, जिथे ती बाळंतपणात गेली, बाळही गेलं. दुसऱ्या महायुद्धात सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाच्या लोकांना असं तारांच्या कुंपणात टाकलं होतं. हा रोल करणारे पॅट मोरिता स्वतः लहानपणी अशाच एका छावणीत राहिलेले, मणक्याच्या टीबीने वर्षानुवर्षं हॉस्पिटलमध्ये काढल्यावर एफबीआयचा माणूस त्यांना थेट तिकडे घेऊन गेला. आणि हा माणूस तोपर्यंत कॉमेडीसाठी ओळखला जायचा! हा सीन कापा असं स्टुडिओचं म्हणणं होतं, अविल्डसेन अडून बसले म्हणून राहिला, आणि मोरितांना ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं. सीनच्या शेवटी डॅनियल त्यांना अंथरुणावर झोपवतो आणि झोपलेल्या माणसाला वाकून नमस्कार करतो, कोणी बघत नसताना. तिथून तो शिष्य होतो, स्पर्धा जिंकून नाही.

आता ज्याने आधी कोब्रा काई बघितली त्याच्यासाठी मियागी म्हणजे भिंतीवरचा फोटो आणि एक कबर. मोरिता २००५ मध्ये गेले, सिरीज आली २०१८ मध्ये, त्यामुळे त्यात ते फक्त आठवणीत आहेत. डॅनियल सारखं "मिस्टर मियागी म्हणायचे" करत बसतो आणि नवीन प्रेक्षकाला तो लेक्चर देणारा काका वाटतो. बरोबरच आहे, कारण तो ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांना तुम्ही भेटलाच नाही आहात.

मग दुसरा भाग, १९८६, ओकिनावा. शूटिंग हवाईत झालंय पण ते सोडा. या भागाची सुरुवात नीट बघा, स्पर्धा संपल्यावर पार्किंगमध्ये जॉनीचा कराटे शिक्षक क्रीझ जॉनीची ट्रॉफी मोडतो, त्याचा गळा आवळतो, आणि मियागी क्रीझला मारायच्या पोझिशनमध्ये आणून शेवटी फक्त त्याचं नाक दाबतात. पिक्चरच्या शेवटी डॅनियल त्याच्या ओकिनावातल्या शत्रूचं, चोझेनचं, नाक तसंच दाबतो. आणि २०२१ मध्ये, कोब्रा काईच्या तिसऱ्या सीझनमध्ये, म्हातारा व्हायला लागलेला चोझेन डॅनियलला आडवा करतो, आपल्याला वाटतं हा आता पस्तीस वर्षांचा सूड घेणार, आणि तो त्याचं नाक दाबतो! मी घरात एकटी किंचाळले होते. एवढीशी गोष्ट, पण आधीचे दोन माहीत नसतील तर तो नुसता एक विचित्र जोक आहे.

त्याच सीझनमध्ये दुसऱ्या भागातली डॅनियलची मैत्रीण कुमिको मियागींची जुनी पत्रं वाचून दाखवते. तो सीझन १ जानेवारी २०२१ ला आला होता, लॉकडाऊनचं ते वर्ष नुकतंच संपलं होतं, आपण सगळेच किती माणसं गमावून बसलो होतो. गेलेल्या माणसाचे शब्द दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायला मिळणं म्हणजे काय ते त्या दिवशी मला फार लागलं. कुमिकोच्या रोलमध्ये तीच तामलिन तोमिता आहे. आणि वादळात डॅनियलने वाचवलेली ती घंटेच्या मनोऱ्यावरची लहान मुलगी आठवतेय? तीही परत येते, तीच अभिनेत्री, मोठी झालेली. कुठली फ्रँचायझी एवढं जपते सांगा मला.

तिसरा भाग, १९८९. सगळे म्हणतात हा सोडा. नका सोडू. मला मान्य आहे की तो कमकुवत आहे, एक श्रीमंत माणूस धंदापाणी टाकून एका पोराच्या मागे लागतो हे तेव्हाही पटत नव्हतं, राल्फ माचिओ सत्ताविशीत पोहोचलेला आणि त्याला छळणारा टेरी सिल्व्हर करणारा थॉमस इयान ग्रिफिथ प्रत्यक्षात त्याच्यापेक्षा लहान. पण चौथ्या सीझनमध्ये सिल्व्हर स्वतःच्या तोंडाने सांगतो की तेव्हा मी कोकेनवर होतो, शाळेच्या पोरांच्या कराटे स्पर्धेवरून एका मुलाला महिनोन्महिने छळत होतो. म्हणजे पिक्चरमधली जी गोष्ट आपल्याला पटली नव्हती तीच लिहिणाऱ्यांनी त्या माणसाचा भूतकाळ म्हणून वापरली. आणि तो आल्यावर डॅनियलच्या चेहऱ्यावर जी भीती दिसते ती तिसरा भाग बघितलेल्यालाच कळते. एका संध्याकाळचा प्रश्न आहे, बघून टाका.

१९९४ चा द नेक्स्ट कराटे किड, हिलरी स्वँकचा, यात डॅनियल नाही, आणि स्वँकने केलेल्या ज्युलीचा कोब्रा काईमध्ये कुठे उल्लेखही येत नाही. वेळ असेल तर तिसऱ्यानंतर बघा, मियागींसाठी. मोरितांचा या रोलमधला तो शेवटचा पिक्चर आहे, मला तेवढं कारण पुरतं.

इथे थांबा. खरंच थांबा, निदान दोन-तीन आठवडे. आम्ही चोवीस वर्षं थांबलो होतो. डॅनियल तुमच्या डोक्यात जिंकलेला मुलगा म्हणून थोडा मुरू द्या, आणि मग कोब्रा काई लावा. पहिल्या सीझनमध्ये जॉनी बीचवरच्या मारामारीची गोष्ट त्याच्या बाजूने सांगतो, पहिला फटका डॅनियलने मारला, हॅलोविनला मी गप्प बसलेलो असताना पाणी त्याने टाकलं, आणि आपण जागच्या जागी हडबडतो कारण अरे हो, खरंच की, पाणी त्यानेच टाकलं होतं! हा धक्का बसायला आपण आधी डॅनियलच्या बाजूने जीव तोडून उभं राहिलेलं असावं लागतं. सगळ्या सिरीजचा पाया तो आहे. आधी जॉनीची बाजू ऐकली तर धक्का कसला, फक्त माहिती मिळते.

माझी एक स्वतःची पद्धत आहे, ती कुठल्या यादीत सापडणार नाही. पहिला सीझन संपला की दुसरा लावू नका. परत १९८४ वर जा आणि शेवटची पंधरा मिनिटं बघा. क्रीझ जॉनीला पायावर मार म्हणून सांगतो तेव्हा विल्यम झाबकाचा चेहरा बघा. आणि हरल्यावर ट्रॉफी कोण आणून देतं ते बघा.

जॅकी चॅनचा २०१० चा पिक्चर वेगळा आहे, बीजिंगमधला, नावात कराटे आणि शिकवतात कुंग फू. तो कधीही बघा, फक्त २०२५ च्या कराटे किड: लेजंड्सच्या आधी बघा, कारण जॅकी चॅनचे मिस्टर हान तिथले आहेत, आणि ते दरवर्षी गाडी दुरुस्त करून स्वतःच का फोडतात तो सीन त्यांना ओळखायला पाहिजेच. लेजंड्स सगळ्यात शेवटी. तो सुरू होतो दुसऱ्या भागातल्या मियागींपासून, त्यांचा मच्छीमार पूर्वज साके पिऊन होडीत झोपला आणि चीनच्या किनाऱ्यावर जागा झाला त्या गोष्टीवरून हान आणि मियागी जोडलेत. हिंदीत हानला अजय देवगणने आवाज दिलाय, लहान मुलं असतील तर सोयीचं आहे. पिक्चर ठीक आहे, घाईत उरकल्यासारखा, पण डॅनियल न्यूयॉर्कला येतो तेव्हा छान वाटतं. आणि कोणी सीझन तीनमधले क्रीझचे व्हिएतनामचे तुकडे आधी, मग पिक्चर असं वर्षांच्या हिशोबाने लावून बघायला सांगितलं तर ऐकू नका. गोष्ट ज्या क्रमाने सांगितली गेली त्यातच तिची ताकद आहे.

तर दिवाळीत मी दोघांना एका सोफ्यावर बसवलं, ईरा आणि अर्णव. अर्णव बारा वर्षांचा, त्याने सिरीज बघितलेली नव्हती. हॅलोविनचा सीन आला, ईरा ओरडली "बघ, पाणी यानेच टाकलं!" आणि तिकडे पाच सांगाडे डॅनियलच्या मागे लागल्यावर अर्णवने माझा दंड असा पकडला की वळ उठले. कुंपणावरून मियागी खाली उतरले तेव्हा तो सोफ्यावर उभा राहिला. दारूच्या सीनला दोघं गप्प. थोड्या वेळाने ईरा हळूच म्हणाली, "आत्या, हे मला माहीतच नव्हतं." फायनलला ती त्याला सांगायला लागली, अरे जॉनीचा चेहरा बघ ना, पण त्याला कुठलं भान, त्याचं सगळं लक्ष डॅनियलच्या पायावर. लाथ बसली आणि तो एवढ्या जोरात ओरडला की वहिनी बाहेर आली काय झालं बघायला.

नंतर त्याने दुसरा-तिसरा बघितला, नाताळच्या सुट्टीत कोब्रा काईचा पहिला सीझन दादाबरोबर बघितला, शिव्या बऱ्याच आहेत म्हणून दादा शेजारी. परवा मला व्हिडिओ कॉल केला, मी सांगितल्याप्रमाणे शेवटची पंधरा मिनिटं परत लावली होती, फोन उशीवर टेकवलेला, मला फक्त त्याचा अर्धा चेहरा आणि पडदा दिसत होता. मी काहीच बोलले नाही. क्रीझचं वाक्य आलं, जॉनी मान वळवून त्याच्याकडे बघतो ना, तिथे अर्णवने पॉज केलं आणि बराच वेळ नुसता बघत बसला.

"आत्या, त्याला नव्हतं मारायचं ना?"