संग्रहालयवाल्यांनो, आधी आमचं टाचण बघा

संग्रहालयाच्या ऑनलाइन शिक्षण विभागाला नवं रूप द्यायचं ठरलं की बहुतेक वेळा काय होतं? पहिल्या पानावर भलंमोठं सरकतं चित्र येतं, रंग बदलतात, 'शिक्षकांसाठी' आणि 'विद्यार्थ्यांसाठी' अशी दोन बटणं येतात. आत गेलं की तीच जुनी पीडीएफ! मी इतिहास शिकवते आणि या साइट्स हौसेनं वापरते, म्हणून जरा स्पष्टच लिहितेय.

घोडं पेंड खातं ते इथे: संग्रहालय विचार करतं नोंदवहीपासून, आणि आम्ही करतो तासापासून. तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. त्यातली काही हजेरीत जातात, काही प्रोजेक्टरच्या वायरीशी झटापटीत. उरलेल्या वेळात मला एकच वस्तू पुरते, दोन चांगल्या प्रश्नांसकट. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं २०१७ साली सुमारे पावणेचार लाख चित्रं सगळ्यांना खुली केली, अमेरिकेतल्याच स्मिथसोनियन या संग्रहालय-समूहानं २०२० साली जवळपास २८ लाख. परवानगीची कटकट संपली, हे मोठंच काम झालं, वादच नाही. पण शोधायच्या चौकटीत 'भांडं' लिहिल्यावर हजारो भांडी अंगावर आली की सहावीतलं पोर आणि त्याची बाई, दोघंही सारखेच हतबल.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला रोझेटा शिलालेखच घ्या. नोंदीत सगळं असतं: इसवी सनपूर्व १९६ मधला, एकच मजकूर तीन लिप्यांत, १७९९ साली सापडला, १८२२ साली फ्रेंच अभ्यासक शाम्पोल्यननं त्यातल्या प्राचीन इजिप्शियन चित्रलिपीचं कोडं सोडवलं. फोटो बहुधा समोरून काढलेला. पण त्या दगडाच्या कडांवर इंग्रजीतही काही रंगवलेलं आहे. एका कडेवर लिहिलंय की ब्रिटिश सैन्यानं तो १८०१ मध्ये इजिप्तमध्ये हस्तगत केला, दुसऱ्या कडेवर, की तो राजे तिसरे जॉर्ज यांनी भेट दिला. समोरचा फोटो दाखवला की तास लिपीवर होतो. कडेचा दाखवला की मागच्या बाकावरून प्रश्न येणारच, "बाई, दगड इजिप्तचा, मग राजानं भेट कसा दिला?" मग टाचण, म्हणजे तासासाठी आधी लिहून ठेवलेली तयारी, राहतं बाजूला आणि वर्ग एकदम जागा होतो.

म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. वस्तूची कुठली बाजू दाखवायची ते मला ठरवू द्या. हवा तो तुकडा मोठा करून तिथेच थांबता येऊ द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माहितीची पट्टी झाकता येऊ द्या! पडद्यावर पट्टी दिसली की पोरं ती वाचतात आणि वस्तूकडे बघणं सोडून देतात. ॲबिगेल हाउसेन आणि फिलिप येनावाइन यांच्या चित्र बघायला शिकवण्याच्या पद्धतीत चित्रापुढे तीनच प्रश्न विचारतात: या चित्रात काय चाललंय, असं तुला कशावरून वाटतं, आणखी काय सापडतंय? उत्तर शेजारीच छापलेलं असेल तर ते विचारून काय उपयोग?

दुसरी गोष्ट, तयार पाठ कुलूपबंद करून देऊ नका. दुसऱ्यानं काढलेलं टाचण कुठलाही शिक्षक जसंच्या तसं शिकवत नाही. दोन प्रश्न गाळतो, एक आपला घालतो, क्रम उलटा करतो. २०१६ साली सुरू झालेल्या स्मिथसोनियन लर्निंग लॅब या साइटवर दुसऱ्या शिक्षकानं केलेला वस्तूंचा आणि प्रश्नांचा संच आपल्या खात्यात घेऊन बदलता येतो. मला तिथे सगळ्यात आवडलेली सोय हीच. विद्यार्थ्यांना मात्र नुसतं बघण्यासाठी खातं उघडायला लावू नका. अर्धा तास पासवर्डमध्ये जातो आणि लहान मुलांची माहिती विनाकारण गोळा होते ती वेगळीच.

खेळ आणि थ्रीडी सफरी यांबद्दल थोडा हात आखडता घ्या. ॲडोबीनं २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा (ब्राउझरमध्ये खेळ आणि हलती चित्रं चालवणाऱ्या जुन्या तंत्राचा) आधार काढून घेतला आणि त्यावर बेतलेले संग्रहालयांचे कितीतरी सुंदर खेळ चालेनासे झाले. त्याच काळातली साधी चित्र-मजकुराची पानं आजही उघडतात. अर्थात पत्ता बदलला नसेल तर! एका साइटनं (नाव नको) नवं रूप घेतलं आणि माझ्या टाचणातल्या सगळ्या लिंक एका झटक्यात मेल्या. जुन्या पत्त्यावरून नव्या पानावर पाठवणं काही फार अवघड नसतं, पण ते कुणाच्या यादीतच नसतं. कागदावर नीट छापता येणारी प्रत हीदेखील अशीच विसरली जाणारी गोष्ट. पडदा नसलेल्या वर्गात तीच कामाला येते.

आणि यश मोजताना 'माणूस पानावर किती वेळ थांबला' हा आकडा कृपा करून बाजूला ठेवा. मी दोन मिनिटांत हवं ते घेऊन वर्गावर गेले, तर तुमचं काम फत्ते झालं, पण तुमच्या तक्त्यात ते अपयश दिसणार. त्यापेक्षा शिक्षकांनी बदलून घेतलेल्या संचांतले थोडे उघडून वाचा. तुमचा कुठला प्रश्न सगळ्यांनी गाळलाय, ते तिथे लगेच कळेल.