एडिटिंगसाठी ‘डोळे मिटून एनव्हिडिया’? आधी कॅमेऱ्याची फाइल बघा

‘व्हिडिओ एडिटिंगसाठी डोळे मिटून एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड घ्या. कार्ड जितकं महाग तितकं एक्सपोर्ट जलद. इंटेल-एएमडीचं या कामात काही चालत नाही.’ पीसी बांधणाऱ्यांना हा सल्ला सगळीकडे मिळतो. त्यावर विसंबून लग्नाचं शूटिंग करणारी मुलं हप्त्यांवर कार्डं उचलतात, म्हणून त्यातलं एकेक विधान तपासायला हवं.

महाग कार्ड, जलद एक्सपोर्ट? एक्सपोर्ट म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बनवणं. ती एच.२६४ किंवा एच.२६५ या व्हिडिओ आकुंचित करण्याच्या पद्धतींत बनवताना कार्डातले हजारो कोअर राबत नाहीत. त्यासाठी चिपवर वेगळा एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ आकुंचित करणारा भाग असतो. एनव्हिडियाचा तो एनव्हीएन्क. आरटीएक्स ४०६० आणि ४०७० या दोन्ही कार्डांत तो एकेकच आहे, तोही एकाच पिढीचा. दोन हवे असतील तर ४०७० टीआयपर्यंत जावं लागतं. इफेक्ट्स, नॉइज काढणं, थ्रीडी यांत मोठं कार्ड खरंच वेग देतं. नुसती कापाकापी आणि जोडणी असेल, तर जास्तीचे पैसे एक्सपोर्टमध्ये फारसे दिसत नाहीत. आणि जीटी १०३० वर नाव एनव्हिडियाचं असलं तरी त्यात एनव्हीएन्क मुळातच नाही.

इंटेलचं काही चालत नाही? इंटेलच्या प्रोसेसरमधला व्हिडिओ आकुंचित करणारा आणि उलगडणारा भाग म्हणजे क्विक सिंक. ते २०११ च्या जानेवारीत सँडी ब्रिज या प्रोसेसर पिढीबरोबर आलं. एनव्हीएन्क त्यानंतर, २०१२ मध्ये. एव्ही१ या नव्या पद्धतीत एन्कोड करणारं घरगुती ग्राफिक्स कार्डही २०२२ मध्ये आधी इंटेलच्या आर्कनं दिलं, मग एनव्हिडिया आणि एएमडीनं.

पण सल्ल्यातली खरी घातक उणीव वेगळीच आहे. तो फक्त एक्सपोर्टबद्दल बोलतो, आणि एडिटरचा दिवस जातो टाइमलाइनवर क्लिप चालवून बघण्यात, म्हणजे डीकोडिंगमध्ये (आकुंचित व्हिडिओ उलगडण्यात). सोनी ए७ फोर किंवा कॅनन आर६ यांसारखे कॅमेरे एच.२६५ मध्ये १० बिट ४:२:२, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवणारं फुटेज रेकॉर्ड करतात. रंग सुधारायला हे फुटेज उत्तम, पण आरटीएक्स ४०९० सुद्धा ते हार्डवेअरवर डीकोड करत नाही. सगळा भार प्रोसेसरवर पडतो, प्लेबॅक अडखळतो, मग प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती बनवत बसा. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स हेच काम ११ व्या पिढीपासून, म्हणजे २०२१ पासून करतं. एनव्हिडियाला त्यासाठी २०२५ ची आरटीएक्स ५० मालिका यावी लागली. या चार वर्षांत ‘कार्ड आहेच’ म्हणून कितीतरी जणांना थोडे पैसे वाचवून ‘एफ’वाले प्रोसेसर सुचवले गेले, उदाहरणार्थ १२४००एफ. ‘एफ’ म्हणजे अंगचं ग्राफिक्स बंद, म्हणजे क्विक सिंकही गेलं. नेमका उपयोगी भाग सोडून द्यायला लावणारा हा सल्ला मला अक्षम्य वाटतो.

एएमडीबद्दल मात्र तक्रारीत तथ्य आहे: त्यांचा एच.२६४ एन्कोडर दर्जात बराच काळ मागे होता, आणि आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डात तर एन्कोडरच दिला नाही.

ज्यांच्याकडे आरटीएक्स ३०६० किंवा ४०६० आहे आणि प्रोसेसर ११ व्या पिढीचा किंवा पुढचा, ‘एफ’ नसलेला इंटेल आहे, त्यांनी नवं कार्ड घेण्याआधी बायोस (पीसी सुरू होताना उघडणारं मूळ सेटिंग) उघडावं. वेगळं कार्ड बसवल्यावर अंगचं ग्राफिक्स तिथं अनेकदा बंद झालेलं असतं. ते चालू करा, इंटेलचा ड्रायव्हर टाका आणि प्रीमिअर किंवा रिझॉल्व्ह स्टुडिओ या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये डीकोडिंगसाठी इंटेल निवडा.