न्यूट्रल लूज आहे

'आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे,' असा मेसेज परवा दुपारी माझ्या फोनवर आला, तेव्हा समोरचा मॉनिटर ठार काळा होता. समाधान नक्की कोणाचं झालं, हे मेसेजमध्ये नव्हतं.

मी घरून छोट्या दुकानदारांची जीएसटीची कामं करते. 20 तारखेच्या आत 3बी नावाचं महिन्याचं रिटर्न भरायचं असतं, त्यामुळे 16-17 तारखेपासून आमच्या धंद्यात माणूस माणसात नसतो. नेमका तेव्हाच मॉनिटर लुकलुकायला लागला. आकडे भरता भरता स्क्रीन थरथरायची, दोन सेकंद काळी व्हायची आणि काही झालंच नाही अशा थाटात परत यायची. बंद-चालू करून झालं, केबल काढून-घालून झाली, ड्रायव्हर नवा टाकून झाला. मग तक्रार नोंदवली.

फोनवरची मुलगी गोड होती. "मॅडम, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबा. टास्क मॅनेजर उघडला? आता सांगा, स्क्रीनसोबत टास्क मॅनेजरसुद्धा लुकलुकतोय का?" ही चाचणी खरी आहे बरं का. सगळ्यासकट टास्क मॅनेजरही लुकलुकला तर दोष बहुधा ड्रायव्हरचा, तो एकटा शांत राहिला तर एखाद्या प्रोग्रॅमचा. पण माझी अख्खी स्क्रीनच काळी पडत होती. "अगं, काळ्यात काळं काय दिसणार?" मी विचारलं. ती म्हणाली, "ओके मॅडम, म्हणजे 'नाही' लिहू?"

मग व्हिडिओ पाठवा म्हणाले. पाठवला. उत्तर आलं, 'व्हिडिओत दिसणारे पट्टे मोबाईल कॅमेऱ्यामुळे येतात, हा मॉनिटरचा दोष नाही.' आता कॅमेऱ्याचा वेग आणि स्क्रीनचा वेग जुळला नाही की पट्टे येतात, हे मलाही ठाऊक आहे. पण मग व्हिडिओ मागवायचा कशाला? आणि पट्ट्यांची तक्रार केली होती कोणी?

शेवटी टेक्निशियन आला. विशीतला मुलगा, पाठीवर सॅक, कपाळावर हेल्मेटचा वळ. दारातच त्याने विचारलं, "साहेब आहेत?"

"कोण साहेब?"

"म्हणजे... मॉनिटर कोण वापरतं?"

आमच्या घरातले साहेब मराठीचे प्राध्यापक आहेत. इस्त्रीचा प्लग काढायच्या आधी ते मला हाक मारतात. पण हे त्याला सांगून काय उपयोग? मी म्हटलं, "मीच वापरते." तो "बरं बरं" म्हणाला आणि माझ्या खांद्यावरून आत बघत राहिला, साहेब पडद्यामागून निघतील या आशेने.

साहेब निघाले नाहीत, पण दार उघडं बघून तळमजल्यावरचे काका आले. हे काका वीज मंडळातून निवृत्त झालेत. 2005 साली मंडळाचे तुकडे पडले, महावितरण वेगळी झाली, पण काकांच्या तोंडी अजून 'आमचं बोर्ड'च आहे. शर्टाच्या खिशात पेन असावं तसा त्यांच्याकडे टेस्टर असतो. लग्नालाही. सोसायटीत कोणाच्याही दारात सॅकवाला पोरगा दिसला की पाठोपाठ काका हजर. ते आले, "काय झालं सूनबाई?" म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता माझ्या कामाच्या खुर्चीत, मॉनिटरच्या पुढ्यात, मांडी घालून बसले. हो, चाकाच्या खुर्चीत मांडी घालून.

"व्होल्टेज किती मिळतंय?" काकांनी मुलाला विचारलं.

"बघितलं नाही अजून."

"बघितलं नाही! दोनशे तीस पाहिजे. बोर्डात असतो तर तुला मेमो दिला असता."

"काका, याला अडॅप्टर आहे. शंभर ते दोनशे चाळीस काहीही चालतं. मागे लिहिलंय."

"लिहिलेलं काहीही असतं. सिगारेटच्या पाकिटावर पण लिहिलेलं असतं." मुलगा गप्प झाला. काकांनी टेस्टर काढला, बसल्या बसल्या वाकून बोर्डाच्या रिकाम्या सॉकेटमध्ये घातला, दिवा पेटला. "फेज आहे," त्यांनी जाहीर केलं. मॉनिटर चालू होता, त्यामुळे फेज असल्याचा मला साधारण अंदाज होता. "म्हणजे आता राहिला न्यूट्रल, परतीची तार. न्यूट्रल लूज आहे."

मी म्हटलं, "काका, न्यूट्रल लूज असता तर दिवेही कमीजास्त झाले असते, फ्रीज धडधडला असता. फक्त मॉनिटरच—"

काका मुलाकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? आता फ्रीजपण धडधडणार."

इथून पुढची पंधरावीस मिनिटं मी माझ्याच घरात पाहुणी होते. "पिक्चर कधी जातं?" हे मुलाने काकांना विचारलं. काकांनी माझा मॉनिटर त्याआधी जन्मात बघितला नव्हता, तरी ते म्हणाले, "संध्याकाळी लोड वाढला की." मी म्हटलं, सकाळीही जातं. "सकाळी गीझरचा लोड," काका म्हणाले. मुलाने फॉर्मवर काहीतरी लिहिलं. मी काम काय करते हेही त्याने काकांनाच विचारलं. "घरबसल्या करतात काहीतरी कॉम्प्युटरवर," काका कौतुकाने म्हणाले, "वेळ जातो." घरबसल्या! काकांच्या जावयाच्या हार्डवेअरच्या दुकानाचं रिटर्न कोण भरतं, हे विचारावंसं वाटलं. विचारलं नाही, चहा टाकला. याचाच अजून राग येतोय.

मग केबलचा विषय निघाला. काकांना मॉनिटरच्या मागे स्क्रू दिसेनात. "जुन्या मॉनिटरला निळी केबल असायची, दोन्ही बाजूंनी स्क्रू. आवळली की हत्तीने ओढली तरी निघायची नाही. आता नुसतं खुपसायचं आणि देवाचं नाव घ्यायचं." हे मात्र काका खरं बोलले. आताच्या एचडीएमआय केबलला स्क्रू नाही आणि टेबल पुसताना फडका लागला तरी ती हलते. जुने मॉनिटर काही सोज्वळ नव्हते म्हणा. त्या डबड्यांवर रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा, 60 ला राहिला तर तासाभरात डोळे चुरचुरायचे, तो 85 ला नेऊन ठेवावा लागे. पण निदान त्यांना एक बटण असायचं, दाबलं की टण्ण आवाज होऊन सगळं चित्र गदगदून हलायचं आणि आपण काहीतरी दुरुस्त केलं असं वाटायचं. आताच्या मॉनिटरला खाली पाच बटणं असतात आणि पाचही दाबली तरी फक्त भाषा बदलते.

एवढा वेळ मॉनिटर काय करत होता? काही नाही. गुणी बाळासारखा झळझळत होता. मुलाने केबल हलवली, ब्राइटनेस खाली-वर केला, युट्यूब लावून बघितलं. ढिम्म. त्याने फॉर्मवर 'दोष आढळला नाही' लिहिलं, वॉरंटी संपलेली असल्याने व्हिजिटचे पैसे घेतले आणि म्हणाला, "मॅडम, ओटीपी आला असेल."

"कसला?"

"काम झाल्याचा."

"काम कुठे झालंय?"

"नाही झालं तरी तोच ओटीपी असतो."

मी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले. ओटीपी ही गिऱ्हाईकाच्या हातातली किल्ली, म्हणजे काम न करता कोणी तक्रार बंद करू नये म्हणून. आता त्या किल्लीने माझ्याच हातून माझीच तक्रार बंद करून घेतात. दिला नाही तर या पोराला पुढचा कॉल मिळत नाही, म्हणजे उपाशी तो राहणार आणि कंपनी एसीत बसणार. वर तो अजिजीने म्हणाला, "पाच स्टार द्या हं मॅडम, चारला कापतात." कोणी योजली असेल ही पद्धत? ज्याच्यावर चिडायचं तो कधीच दारात येत नाही. येतो तो हेल्मेटचा वळ घेऊन. मी आकडे सांगितले. पाच स्टारही दिले.

मुलगा लिफ्टने खाली गेला. काकांनी बशीतला चहा संपवला, मांडी सोडली, "न्यूट्रल बघून घ्या" म्हणत खुर्चीतून उठले आणि दाराकडे वळले. त्यांची पाठ फिरली आणि मॉनिटर काळा झाला.

काका उठले आणि काळा. मी जाऊन बसले, परत काळा. उठले, काळा. मी वेड्यासारखी उठबशा काढत राहिले.

रात्री शोधलं तर हे जगजाहीर दुखणं निघालं. गॅसवर वर-खाली होणाऱ्या खुर्चीतून माणूस उठला-बसला की तिच्यात साचलेल्या स्थिर विजेची ठिणगी पडते, अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणारी. तिने उठलेली विद्युतचुंबकीय लहर जवळची स्वस्त केबल अँटेनासारखी पकडते, सिग्नल तुटतो आणि मॉनिटर तो परत शोधेपर्यंत अंधार. जानेवारीची कोरडी हवा म्हणजे अशा ठिणग्यांचा हंगामच. थंडीत स्वेटर काढताना चटचट होतं ना, तेच. आणि ही सगळी तपासणी चालू असताना खुर्चीत काका मांडी ठोकून बसले होते, तसूभरही न हलता.

काल पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत जाऊन चांगल्या शील्डिंगची, म्हणजे बाहेरच्या लहरी अडवणाऱ्या आवरणाची, टोकाशी काळं बोंडूक असलेली केबल आणली. खुर्चीमुळे स्क्रीन जाते म्हटल्यावर दुकानदाराने शांतपणे विचारलं, "सोबत साहेब आलेत का?" केबल घेतली, घरी येऊन लावली. तेव्हापासून मॉनिटर हूं की चूं करत नाही. त्यात रिटर्नही भरून झाली, जावयाच्या दुकानाच्या रिटर्नसकट.

दरम्यान परवाच संध्याकाळी काकांनी सोसायटीच्या वायरमनला मीटर रूममध्ये नेऊन आमच्या लाइनचा न्यूट्रल आवळून घेतला होता. आज सकाळी ग्रुपवर त्यांचा मेसेज आला: 'तिसऱ्या मजल्यावरील मॉनिटरचा प्रॉब्लेम न्यूट्रल टाईट करून सोडवला आहे. सर्वांनी आपापले न्यूट्रल तपासून घ्यावेत.' खाली अंगठ्यांची रांग. त्यात पहिला अंगठा आमच्या साहेबांचा.