कॅमेरे लागले, आता मुलांनी सांगायचं कोणाला?

पालकसभेत सुरक्षेचा विषय निघाला की पहिला प्रश्न कॅमेऱ्यांचा येतो. किती आहेत, चालू आहेत का, रेकॉर्डिंग किती दिवस राहतं. प्रश्न रास्तच आहे. मुख्याध्यापकांनाही तो आवडतो, कारण त्याचं उत्तर आकड्यात देता येतं आणि बिल दाखवता येतं. आमच्या सभेत मी विचारलं, पहिलीतल्या मुलीला शू लागली तर तिच्यासोबत कोण जातं? दोन बाई एकमेकींकडे बघायला लागल्या. "मावशी जातात." मावशी किती? एक. मजले तीन. आणि त्या मावशी ऑफिसात चहा नेऊन देणं, झाडणं, घंटा देणं, पोषण आहाराची भांडी आवरणं, सगळं करतात.

माझं म्हणणं हे की शाळेतली मुलं ओळखीच्या, टिकून राहिलेल्या, लक्ष ठेवणाऱ्या माणसांमुळे सुरक्षित राहतात. नेमका त्याच माणसांवरचा खर्च आपण कमी करत आलोय.

बदलापूर आठवा. ऑगस्ट २०२४. बालवर्गातल्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाला. आरोपी सफाईच्या कामावर कंत्राटाने, एजन्सीमार्फत आलेला, १ ऑगस्टपासून. म्हणजे पंधरवडाही झाला नव्हता. त्याला कोणी पारखलं होतं, कोण त्याच्यावर लक्ष ठेवून होतं, मुलींच्या स्वच्छतागृहाकडे पुरुष कर्मचारी का जात होता, या प्रश्नांना कॅमेऱ्याकडे उत्तर नाही. शाळेत कॅमेरे होते बरं का. आधीच्या पंधरा दिवसांचं चित्रणच मिळत नाही, असं तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितलं होतं. प्रकार कळला तो मुलीने घरी दुखतंय म्हणून सांगितलं तेव्हा. आणि गुन्हा नोंदवायला गेलेल्या पालकांना पोलिस ठाण्यात तासन्‌तास बसवून ठेवलं गेलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, बदलापूरची लोकल कित्येक तास अडली, आणि दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला. त्यातली सगळ्यांच्या लक्षात राहिलेली गोष्ट कोणती? महिनाभरात सगळ्या शाळांत सीसीटीव्ही.

२३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला, काही ठिकाणी फटाके वाजले. मला त्यात आनंद वाटला नाही. तो मेला आणि त्याच्यावरचा खटलाही तिथेच थांबला. भर कोर्टात उलटतपासणीत ज्या गोष्टी बाहेर आल्या असत्या, कोणाला काय माहीत होतं, कधी माहीत होतं, त्या कशा बाहेर येणार? फटाके वाजवणाऱ्यांतल्या किती जणांनी पुढच्या आठवड्यात आपल्या मुलांच्या शाळेत जाऊन चौकशी केली, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

आता माणसांवरच्या खर्चाचं. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने खासगी अनुदानित शाळांमधल्या शिपाई वगैरे चतुर्थश्रेणीच्या पदांना कात्री लागली. आहेत ते निवृत्त होईपर्यंत राहतील, मग पद संपलं. बदल्यात शाळेला ठोक 'शिपाई भत्ता', मुंबई-पुण्यात महिन्याला दहा हजार, ग्रामीण भागात पाच हजार. पाच हजारांत कोण येईल आणि किती दिवस टिकेल? ज्यांच्या शाळेत वीस-पंचवीस वर्षं एकच शिपाईमामा होते त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. कुठली मुलगी कोणाबरोबर घरी जाते, कुणाचा बाप पिऊन येतो, कुठला पोरगा दोन दिवस डबा खात नाहीये, हे त्यांना वर्गशिक्षकांच्या आधी कळायचं. (सगळे मामा देवमाणूस होते असं नाही. पण त्यांचं घर, त्यांचं गाव, त्यांची खोड सगळ्यांना ठाऊक असायची.) एकीकडे सरकार सांगतं की कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करा, आणि दुसरीकडे माणूस दर सहा महिन्यांनी बदलेल अशी व्यवस्था करतं. पडताळणीचा कागद येईपर्यंत माणूस काम सोडून गेलेला असतो.

दुसरी गोष्ट तक्रारपेटीची. २०१७ पासून प्रत्येक शाळेत ती हवी असा आदेश आहे. बहुतेक शाळांत ती आहेही, मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, येणारे-जाणारे सगळे बघतील अशी. त्यात चिठ्ठी टाकायला कोण धजावेल? आणि टाकलीच तरी बाईंना वर्गातल्या मुलांची अक्षरं पाठ असतात. बालवर्गातल्या लेकराला तर अजून 'क' सुद्धा गिरवता येत नाही. मुलं बोलतात ती मधल्या सुट्टीत, रिक्षात, किंवा चित्रकलेच्या तासाला खडूने रंगवताना, सहज, दुसरंच काहीतरी सांगता सांगता. ते ऐकायला कोणी मोकळं लागतं. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, त्यात निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, यात अडकलेल्या शिक्षिकेकडून ही अपेक्षा करताना मला लाज वाटते, तरी ती करावी लागते.

मार्च २०२२ च्या निर्णयाने शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षेसाठी 'सखी सावित्री' समित्या स्थापन व्हायच्या होत्या. कागदावर कल्पना फार चांगली: महिला शिक्षक, पालक, अंगणवाडी सेविका, पोलिस पाटील आणि विद्यार्थीसुद्धा. बदलापूरनंतर शोधाशोध झाली तेव्हा कितीतरी ठिकाणी समितीचा फक्त फलक होता. मला एका आईने सांगितलं, ती समितीची सदस्य आहे हे तिला फलकावरचं नाव वाचून कळलं.

आणि आता सगळ्यात अवघड. मूल बोललंच, तर पुढे काय? स्टाफरूममधलं ठरलेलं वाक्य: "आधी आपण खात्री करून घेऊ." मग मुलीला ऑफिसात उभं करून चार मोठी माणसं विचारणार, नक्की काय झालं, परत सांग. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं कलम १९ शाळेला खात्री करायला सांगतच नाही. गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली की पोलिसांना कळवायचं. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. सद्हेतूने कळवलं आणि पुढे काही निघालं नाही, तर कळवणाऱ्यावर ठपका येत नाही. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. हे किती शिक्षकांना माहीत आहे? "शाळेचं नाव खराब होईल" हे मात्र सगळ्यांना पाठ आहे. बदलापुरात न कळवल्याबद्दल संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला, त्याची चर्चा फार झाली नाही.

मुलग्यांच्या आयांनो, हे मुलींपुरतं समजू नका. २००७ मध्ये केंद्र सरकारने तेरा राज्यांत केलेल्या अभ्यासात लैंगिक अत्याचार सांगणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून थोडे अधिक मुलगे होते. त्याच अभ्यासात शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी जवळपास दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. मार हीसुद्धा हिंसाच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने ती बंद केली, तरी आपणच बाईंना जाऊन सांगतो, "अभ्यास करत नाही, द्या दोन ठेवून." नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईत उशिरा आलेल्या सहावीच्या मुलीला दप्तरासकट शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. ती आठवडाभरात गेली. मार खाऊन गप्प बसायला शिकलेलं मूल उद्या कुणी अंगाला हात लावला तरी गप्पच बसेल. मोठ्या माणसाला नाही म्हणायचं नसतं, हे आपणच त्याला शिकवलेलं असतं.

म्हणून या वर्षीच्या पहिल्या पालकसभेत कॅमेऱ्यांशिवाय एवढं विचारा. स्वच्छतागृहाच्या बाहेर कोणत्या वेळी कोण असतं, त्याचं नाव. मावशी आणि व्हॅनवाले काका यांना कोणी नेमलं, पडताळणी कधी झाली. सखी सावित्री समितीची शेवटची बैठक कोणत्या तारखेला झाली, इतिवृत्त दाखवा. तक्रारपेटी शेवटची कोणासमोर उघडली. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर मुलांच्या डोळ्यांसमोर कुठे लिहिलाय, की फक्त ऑफिसात? आणि पालक म्हणून आणखी एका मावशीच्या पगाराची वर्गणी काढायची वेळ आली तर स्नेहसंमेलनाच्या मंडपातून काढा, मी पहिली देईन.

तुमच्या शाळेत काय उत्तरं मिळाली ते खाली लिहा. शाळेचं आणि मुलांचं नाव नको.