बारा सूर्यनमस्कार, अर्धा श्लोक आणि निःस्वार्थी मूल

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर सारखा फिरतो. मुलाकडून रोज गीतेतलं 'कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन' म्हणून घ्या, 12 सूर्यनमस्कार घालून घ्या, 21 दिवसांत स्वार्थ गळून पडेल. जोडीला सल्ले: निकालाचा विषय काढू नका, आवडतं खेळणं दुसऱ्याला द्यायला लावा, दिलं की बक्षीस द्या. हेतू चांगला असेलही. पण यातलं फारच थोडं गीतेत किंवा योगात बसतं.

'फळाची आशा नको, म्हणून निकाल विचारू नका.' श्लोकाला (2.47) चार चरण आहेत, मजकुरात पहिले दोन आहेत. चौथा चरण 'मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि', म्हणजे काही न करण्याचीही ओढ नको. तोच गाळला की दहा वर्षांचं पोर विचारतं, "फळ नकोच, तर अभ्यास कशाला?" अर्धा श्लोक शिकवल्यावर दुसरं काय विचारणार? तीनच श्लोक पुढे 'योगः कर्मसु कौशलम्' येतं, आणि कौशल्य हवं तर चूक बघावीच लागते. गणिताचा पेपर मिळाला की 'किती पडले?'च्या आधी 'हातचा कुठे राहिला?' विचारा आणि चुकलेली दोन गणितं त्याच दिवशी पुन्हा सोडवायला बसवा. मधल्या 2.48 मध्ये समत्वालाच योग म्हटलंय. ते शिकवण्याची वेळही हीच संध्याकाळ: 20 पैकी 18 असोत की 9, जेवण तेच, खेळायला जायची वेळ तीच, घरातल्यांचा आवाजही तोच. हे मुलांपेक्षा आईबाबांना जड जातं.

'आसनं केली की स्वार्थ जातो.' पतंजलींच्या योगसूत्रांत सूत्रं 195, आसनांवरची तीन. आठ अंगांत आसन तिसरं. पहिलं अंग यम, आणि त्यात अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. स्वार्थाशी गाठ पडते ती तिथे: शेजारच्याचा खोडरबर न विचारता न उचलणं (अस्तेय), तीन पेन्सिली असताना चौथीचा हट्ट न धरणं (अपरिग्रह). सूर्यनमस्कार जरूर घाला, व्यायाम उत्तमच आहे. पण 12चा आकडा गाठायच्या घाईत बहुतेक मुलं साष्टांग स्थितीत पोटावर आडवी होतात. तिथे पावलं, गुडघे, तळहात, छाती आणि कपाळ एवढंच टेकायचं. पोट आणि कंबर वर. घाईत श्वासही कोंडला जातो. सावकाश घातलेले चार पुरे.

21 दिवसांचा हिशेब कुणी काढला, देव जाणे. योगसूत्र 1.14 मध्ये अभ्यास, म्हणजे सराव, दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने करावा एवढंच आहे.

'खेळणं द्यायला लावा, मग बक्षीस द्या.' हा सल्ला सगळ्यांत घातक. गीतेच्या 17व्या अध्यायात परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने, मनात कुढत दिलेल्या दानाला राजस, म्हणजे सात्त्विकाहून खालचं, म्हटलंय (17.21). रडवून हातातली गाडी काढून घेणं आणि वर चॉकलेट देणं, यात दोन्ही दोष एकदम येतात. शिवाय मूल हिशेब शिकतं: गाडी गेली, चॉकलेट आलं. दिल्याचा फोटो स्टेटसला टाकलात तर तेही फळच.

त्यापेक्षा स्वयंपाकघरातून सुरुवात करा. 'वदनी कवळ घेता' म्हणणाऱ्या घरात जेवणाला यज्ञकर्म मानतातच, तिसऱ्या अध्यायात (3.13) फक्त स्वतःसाठी रांधणारे पाप खातात असं स्पष्ट आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला आठवड्यातून दोनदा वाढपी करा. माणसं पाच, लाडू सात: आधी एकेक वाढायचा, उरलेले दोन कुणाला ते त्यानेच ठरवायचं, आणि स्वतःचं पान शेवटी घ्यायचं. पहिल्या आठवड्यात दोन्ही लाडू त्याच्याच ताटात जातील. ओरडू नका, "आजीला विचारलंस का?" एवढंच म्हणा. बहुतेक घरांत हे फसतं ते आजीमुळेच, कारण ती आपला लाडू गुपचूप नातवाच्या ताटात सरकवते. तिला आधीच सांगून ठेवा.