बोल्ट सुटतात, वेल्डिंग सुटत नाही? विंच माउंटवरच्या आक्षेपांना उत्तर

भोसरीकर, थारला विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारं मोटरचं यंत्र) घरीच बोल्टने बसवा, असं मी म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं. थारला विंच बसवायला घरी ड्रिल, बुश (बोल्टभोवतीची आधाराची नळी), टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळणारा) हा खटाटोप कशाला, भोसरीतला कुठलाही फॅब्रिकेटर दोन तासांत माउंट (विंच धरणारी चौकट) चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) वेल्ड करून देतो. बोल्ट सुटतात, वेल्डिंग सुटत नाही. बोल्टच लावायचे तर 8.8 ग्रेडवर (आकडा जितका मोठा तितकं बोल्टचं पोलाद कडक) कंजुषी का, 12.9 चे घ्या. आणि एवढ्याशा गाडीला साडेनऊ हजार पाउंडांचा विंच म्हणजे नुसता रुबाब.

रुबाबापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं गणित त्याच आकड्यावर उभं आहे. 9,500 पाउंड म्हणजे साधारण 4,300 किलो. पण ही ओढ ड्रमवर दोराचा सगळ्यात आतला थर असतानाच मिळते. वरच्या प्रत्येक थरामागे ती दहा-बारा टक्क्यांनी घटते आणि चौथ्या थरावर तीन टनांच्या आसपास उरते. माणसं, सामान धरून गाडी सव्वादोन टन धरा. मुळशीकडच्या चिखलात ती हबपर्यंत (चाकाच्या मध्यापर्यंत) रुतली तर ढोबळमानाने तिच्या वजनाइतकी ओढ लागते, फेंडरपर्यंत (चाकावरच्या पत्र्यापर्यंत) गेली तर दुप्पट. म्हणजे साडेचार टन, आणि चढ असेल तर त्याहून जास्त. पूर्ण क्षमतेचा विंचही इथे एकेरी दोरावर तोकडा पडतो, स्नॅच ब्लॉक (दोर वळवणारी कप्पी) लावून दोर दुहेरी करावा लागतो. तेव्हा परत आलेलं टोक माउंटला नाही, चेसिसच्या रिकव्हरी पॉइंटला (गाडी ओढण्यासाठीच्या मजबूत कडीला) अडकवायचं. नाहीतर दोन्ही दोरांचा भार एकाच माउंटवर येतो.

आता बोल्ट. 8.8 ग्रेडचा एम12 बोल्ट आट्यांच्या जागी कापायला साधारण 40 किलोन्यूटन, म्हणजे चारेक टनांचा जोर लागतो. विंचची कमाल ओढ 42. दोर तिरका गेला की जवळजवळ सगळा भार एकाच रेलवर (चेसिसच्या एका बाजूच्या लांब पोकळ तुळईवर) येतो, म्हणून प्रत्येक बाजूने एकटीने सगळं पेलावं असं धरायचं. एका बाजूला दोन बोल्ट, म्हणजे 80. कंसाची (माउंट रेलला जोडणाऱ्या ब्रॅकेटची) पाटी रेलच्या दोन्ही अंगांना असेल तर प्रत्येक बोल्ट दोन ठिकाणी कापावा लागेल, म्हणजे आणखी दुप्पट. बोल्टची ताकद हा इथे प्रश्नच नाही. 12.9 मात्र नवा प्रश्न आणतो: इतक्या कडक पोलादावर विजेचा झिंक मुलामा चढवला की हायड्रोजनमुळे ते ठिसूळ होऊ शकतं, आणि मुलामा नसलेला काळा बोल्ट आपल्या पावसात गंजतो. पुण्याच्या बोहरी आळीत चांगल्या कंपनीचे 8.8 मागा. डोक्यावर ग्रेड आणि कंपनीची खूण कोरलेली नसेल तर घेऊ नका.

कमजोर जागा आहे ती भोकाची. चेसिसचा पत्रा 3 मिमी धरला तर 12 मिमीच्या बोल्टला टेकायला मिळतात 36 चौरस मिलीमीटर. त्यावर तेरा-चौदा किलोन्यूटन आले की भोक लंबगोल व्हायला लागतं, बोल्ट मात्र शाबूत राहतो. म्हणून भार भोकाच्या कडेवर न येता दाबातून, घर्षणातून जायला हवा, आणि पोकळ रेलला दाब द्यायचा तर आत बुश हवाच.

तुम्ही ज्याला खटाटोप म्हणता तो मुख्यतः या बुशचा. बाहेरून 22 ते 25 मिमी, आतून 13. लांबी रेलच्या आतल्या रुंदीइतकी, व्हर्नियरने दोन ठिकाणी मोजून. रेलच्या भिंती समांतर असतीलच असं नाही. बुश मिलीमीटरभर आखूड पडला की नट आवळताना पत्रा आत ओढला जातो, रंगाला बारीक तडे जातात, पाना फिरतच राहतो आणि 80 न्यूटन-मीटरचा टॉर्क काही येत नाही. लांब झाला तर पत्रा बुशवर ताणून बसतो आणि पाटी टेकत नाही. बंपर उतरवल्यावर रेलचं तोंड उघडं असेल तर बुश तारेच्या आकड्याला अडकवून आत न्यायचा आणि भोकासमोर आला की बाहेरून स्क्रू ड्रायव्हर घालून धरायचा. भोक 4, मग 8, मग 12.5 मिमी असं वाढवत न्या. जागा रेलच्या उभ्या भिंतीत, मध्याच्या आसपास. वरच्या-खालच्या पाटीत अजिबात नाही. भोकाचा मध्य कडेपासून किमान 24 मिमी आत. आणि ड्रिल लावण्याआधी भिंतीपलीकडून ब्रेकचा पाइप किंवा वायरिंग जात नाही ना, ते हात घालून बघा.

भोसरीतल्या वेल्डरच्या हातावर माझा आक्षेप नाही. आक्षेप जागेवर आहे. वेल्डिंगच्या टाक्याच्या कडेला पत्रा तापून त्याची मूळ ताकद बदलते आणि धक्क्यांनी चीर तिथूनच सुरू होते, विशेषतः टाका रेलच्या खालच्या पाटीवर आडवा मारला असेल तर. शिवाय आतल्या बाजूचा रंग जळतो. तिथे ब्रश पोहोचत नाही, ताम्हिणीचं पाणी पोहोचतं. वेल्डिंग करायचंच तर माउंटच्या स्वतःच्या सांध्यांना, टेबलावर, गाडीपासून लांब.

बोल्ट सुटतात, हे तुमचं खरं. पण त्याला बहुतेक वेळा पावडर कोटिंग कारणीभूत असतं. दोन पाट्यांमध्ये तो जाड थर राहिला की भाराखाली दबतो आणि बोल्टचा ताण निघून जातो. टेकणाऱ्या जागा घासून उघड्या करा, झिंक प्रायमरचा पातळ हात द्या. स्प्रिंग वॉशरवर भिस्त ठेवू नका. कडक सपाट वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा) घ्या. आवळून झाल्यावर नट आणि पाटीवर मिळून पेंट मार्करची एक रेघ ओढा. शंभरेक किलोमीटरनंतर आणि पहिल्या जोरदार ओढीनंतर टॉर्क पुन्हा तपासा. रेघ तुटलेली दिसली की पाना काढायचा. वेल्डिंग अशी आगाऊ वर्दी देत नाही.

विंचखालच्या पाटीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण फॅब्रिकेटरकडे हमखास राहतं ते हेच. 10 बाय साडेचार इंचांवरची चार भोकं जुळली म्हणजे झालं असं नाही. मोटर आणि गिअरबॉक्स ड्रमच्या दोन टोकांना असतात. पाटी वेल्डिंगने पिळली असेल तर ती आवळताना विंचही पिळतो आणि क्लच सोडूनही ड्रम हाताने फिरत नाही. सरळपट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घाला. अर्ध्या मिलीमीटरपेक्षा जास्त फट असेल तर पाटी परत पाठवा.

वायरिंगवर वाद नको: 35 चौरस मिमीची तांब्याची केबल, निगेटिव्ह चेसिसला नाही तर थेट बॅटरीला, आणि पॉझिटिव्हवर आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच). भाराखाली चारशे अँपिअरच्या घरात करंट जातो, त्यामुळे इंजिन चालू ठेवा.

बंपर कापून बाहेर लोखंडी गार्ड लावायचा तुमचा सल्ला मात्र कुणी घेऊ नये. अशा क्रॅश गार्डविरुद्ध केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना पत्र पाठवलं आहे, आणि पुढच्या लोखंडामुळे टक्करीचा धक्का वेगळा पोहोचून एअरबॅगची वेळ चुकू शकते. विंच मूळ बंपरमागे बसवला म्हणजे नियमांतून सुटलो असंही नाही. आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा.

तुमच्या मित्राचं वेल्ड केलेलं माउंट दोन पावसाळे टिकलंय म्हणता, तर त्याची तपासणी सोपी आहे. टाक्याची कड वायर ब्रशने साफ करून डाय पेनेट्रंटचा (चिरेत शिरणाऱ्या रंगाचा) लाल फवारा मारा, दहा मिनिटं थांबा, पुसा, मग चिरेतला रंग वर ओढणारा पांढरा डेव्हलपर. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली तर तिच्यावर नवा टाका चढवू नका. विंच उतरवून ठेवा आणि रेल चेसिसवाल्याला दाखवा.